पन्नासची गोळी

मी मूळची सुराबाया बंदराची. लग्न करून सोलोत आले त्याला तीस वर्षं झाली, तरी इथल्या बायका अजून मला 'ती सुराबायावाली' म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नसतं. सोलोत एखाद्याच्या पायावर पाय पडला तर ज्याचा पाय चेंगरला तोच आधी माफी मागतो. आमच्याकडे आधी ओरडतात, मग पाय काढायला सांगतात. या गावात माझं ज्यांच्याशी पटलं अशी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातलं पहिलं बोट माझी नणंद, लेगिनी. तोंडावर मी तिला 'म्बाक' म्हणते, म्हणजे ताई, आणि 'तुम्ही'ही म्हणते. मनात मात्र ती 'ती'च.

लेगिनी जामू विकते, म्हणजे मुळ्या-पाल्यांचे घरगुती औषधी काढे. सतराव्या वर्षी तिच्या आईनं तिच्या पाठीला टोपली बांधली, ती बासष्टाव्या वर्षीही तिथंच आहे. टोपलीत आठ बाटल्या: हळद-चिंचेची, तांदूळ-कचोऱ्याची, आल्याची, विड्याच्या पानाची, गुळवेलीची कडू, आणि बाकीच्या तिच्या तिलाच माहीत. सकाळी सहाला निघायचं, दारोदार जायचं, बसायचं, ओतायचं, दोन शब्द बोलायचे, उठायचं. साठ घरं. कुठल्या घरात कोण काय पितं, कुणाला लिंबू जास्त, कुणाला साखरेचा आजार म्हणून गूळ नको, कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा नवरा कामावरून घरी बसला, हे सगळं तिच्या डोक्यात. कागदाचा कपटा नाही. टोपली काय, मीही पाठीला बांधीन. ती साठ घरं कुठून आणू?

एक्कावन्नाव्या वर्षी तिच्या गळ्याला लहान पपईएवढी गाठ आली. मोठ्या दवाखान्यात ती काढली, आणि गाठीबरोबर थायरॉईडची ग्रंथीही सगळीच गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आता ग्रंथीचं काम गोळी करणार, जन्मभर, रोज सकाळी, उपाशीपोटी. ती घरी आली, गळ्याला रुमाल गुंडाळला आणि मला म्हणाली, "यांती, हे तुझ्या-माझ्यात. जामूवालीच गोळीवर जगते म्हटल्यावर तिचा जामू कोण पिईल?"

त्यात खोटं काही नव्हतं. मी तोंड शिवलं. सुराबायाच्या बाईला ते किती जड जातं ते तिलाच विचारा.

पण गोळी लागू पडेना. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. सोलोच्या उकाड्यात ती स्वेटर घालून फिरायची. अंगानं सुटली, आवाज घोगरा झाला, चालणं असं की पाठीवर बाटल्या नाहीत, बंब आहे. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, डॉक्टरांनी मान हलवायची, डोस वाढवायचा. पंचाहत्तर, मग शंभर, मग शंभरची एक आणि पन्नासची अर्धी, मग पन्नासची अख्खी. आमच्या डॉक्टर विडुरी, वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण माणूस शांत.

"रोज घेता ना, बू?" त्या विचारायच्या. 'बू' म्हणजे बाई, वयानं मोठ्या बायकांना इथं तसंच म्हणतात.

"रोज."

"उपाशीपोटी?"

"अन्नाचा कण नसतो पोटात."

आणि लेगिनी खोटं बोलत नव्हती.

ते कोडं मला सुटलं ते गेल्या पावसाळ्यात, तिच्या घराचं छत गळायला लागलं आणि ती आठ दिवस आमच्याकडे राहायला आली तेव्हा. पहाटे बघते तर बाई चुलीपाशी उभी. ताजा जामू गाळला, पहिला पेला भरला, गोळ्या जिभेवर ठेवल्या आणि पेला घटाघटा रिकामा केला. जामूवालीची रीतच आहे ती. दिवसाचा पहिला पेला विकणारीनं स्वतः प्यायचा, उपाशीपोटी, पोटात दुसरं काही जायच्या आत. तिच्या आईनं तेच केलं, आजीनं तेच केलं.

"म्बाक, गोळी जामूबरोबर घेता?"

"मग कशाबरोबर घेऊ? हातभट्टीबरोबर?"

"डॉक्टर म्हणाले ना उपाशीपोटी."

"उपाशीच आहे की." तिला माझं बोलणं खरोखरच कळेना. "हा जामू आहे, यांती. हे काय जेवण आहे का?"

आमच्याकडे जामू म्हणजे अन्न नव्हे, पाणी नव्हे, जामू तो जामूच. त्यात तांदूळ वाटलेला असो, चिंच असो, गूळ असो, पोट तो मोजत नाही असं आम्ही धरून चालतो. गोळीला हे कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात ती जामूचं नाव काढत नव्हती, डॉक्टर रागावतील म्हणून. गल्लीत गोळीचं नाव काढत नव्हती, गिऱ्हाइकं जातील म्हणून. अकरा वर्षं.

आता माझी चूक सांगते. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. जे दवाखान्याला कळलं नाही ते मला कळलं होतं. मी हुकूम सोडला, "उद्यापासून गोळ्या साध्या पाण्याबरोबर. जामू एका तासानं." आणि डॉक्टरांना मी काही सांगितलं नाही. पुढची तारीख चार महिन्यांवर होती. म्हटलं, रक्त चांगलं आलं की मग ऐटीत सांगू. डोस दीडशेचा होता. तो अर्ध्याहून जास्त वाया जातोय असं धरून वाढवत नेलेला, आणि आता मी तो सगळाच्या सगळा तिच्या रक्तात उतरवत होते. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

पहिले दोन महिने मात्र बघण्यासारखे होते. स्वेटर पेटीत गेला. आवाज सुटला. अंग उतरलं. साठ घरं दहाच्या आत आटपून बाई पुलापलीकडच्या दोन गल्ल्या नव्यानं घ्यायला लागली. माझा नवरा गियार्तो, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बसडेपोत मेकॅनिक आहे. तो म्हणाला, "ताईला कुणी नवीन बॅटरी बसवली?" ती त्याला म्हणाली, "बसवलीय, तुझ्या बायकोनं. तुला कधी बसवणार ती?" इतक्या वर्षांत मी तिला अशी थट्टा करताना ऐकलं नव्हतं. मला रडूच आलं. मी भाजी चिरतेय असं दाखवलं.

पण डोकं मोकळं झालं आणि त्याबरोबर एक वाईट गोष्टही उघडी पडली. एका सकाळी ती फेरीवरून परतली ती टोपली न सोडताच माझ्या ओट्यावर बसली.

"काय झालं?"

"बू कुस्तिया आलं पीत नाहीत."

बू कुस्तिया म्हणजे कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई. "नाहीच पीत," मी म्हटलं. "त्यांना ते बाधतं."

"मी त्यांना किती वर्षं आलं देत होते?"

मी तिला पाणी आणून दिलं.

"आज त्यांच्या दारात बसले आणि एकदम आठवलं. त्या कचोऱ्याच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून कचोऱ्याच्या. मी विचारलं, तर म्हणतात, 'असू दे हो, आलंही आवडायला लागलं.' मग मी पुढच्या घरी विचारलं. मग त्याच्या पुढच्या." तिनं माझ्याकडे पाहिलं. "सगळे पीत होते, यांती. मी जे ओतीन ते. सगळी गल्ली माझी कीव करत होती आणि वर आभार मानत होती."

सोलोत चूक तोंडावर सांगत नाहीत. समोरच्याला खाली बघायला लागू नये म्हणून माणसं नको असलेलं आलं वर्षानुवर्षं गिळतील. मला ते ठाऊक होतं. फेरीतल्या दोन-तीन बायकांनी मला हळूच सांगितलंही होतं. ते मी तिला सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही.

"आता परत तसं नको," ती म्हणाली. "मेले तरी चालेल, पण परत तसं नको."

तिसऱ्या महिन्यात हात थरथरायला लागला. ओतताना बाटलीचं तोंड पेल्यावर वाजायचं. झोप उडाली. माझ्यावर चिडायची, आणि चिडणं हे माझं काम होतं, तिचं नव्हे. "छातीत कुणीतरी कोंबडी कोंडलीय," असं एकदा म्हणाली आणि हसली. मी मनगट धरलं तर नाडी धावत होती, मधेच थांबत होती, मग एकदम दोन ठोके. मी म्हटलं दवाखान्यात चला. ती म्हणाली तारीख पुढच्या महिन्यात आहे. तारखेच्या अकरा दिवस आधी ती पुलाच्या चढावर बसली आणि तिला उठता येईना. बाटल्या फुटल्या नाहीत. पडतानाही बाईनं टोपली सांभाळली होती.

डॉक्टर विडुरींनी हृदयाचा आलेख काढला, रक्त काढलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना समोर बसवलं. मी सगळं सांगून टाकलं. जामू, पहिला पेला, साधं पाणी, माझी हुशारी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"चूक माझी पण आहे," त्या म्हणाल्या. "चार वर्षं मी विचारत होते, रोज घेता का. कशाबरोबर घेता, हे एकदाही विचारलं नाही." मग लेगिनीकडे वळल्या. "बू, तुमच्या शरीरात आता हे औषध खूप जास्त आहे. हृदयाची लय बिघडलीय. तुमच्या वजनाला शंभरची एक पुरते. पन्नासची आजपासून बंद."

"नको," लेगिनी म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं नीट ऐकू आलं नसेल. त्यांनी परत सांगितलं.

"कळलं मला. नको म्हणतेय." लेगिनी मान खाली घालून बोलत होती, सोलोच्या रीतीप्रमाणे, अगदी हळू. "डॉक्टर, मला सरळ सांगा. हे असंच चालू ठेवलं तर काय होईल?"

"कदाचित बरेच दिवस काहीच होणार नाही. कदाचित हृदयात रक्ताची गुठळी होईल आणि ती मेंदूत जाईल. ही लय अशी बिघडलेली असली की त्याचा धोका चार-पाच पटीनं वाढतो. आणि हाडं ठिसूळ होतील. नुसतं घसरलात तरी खुबा मोडेल."

"कधी?"

"ते मला माहीत नाही. कुणालाच नसतं."

"आणि पन्नासची बंद केली तर?"

"हृदय बहुतेक ताळ्यावर येईल. रक्तातला आकडा बरोबर येईल. बहुतेक लोकांना मग बरं वाटतं."

"बहुतेक लोकांना."

"काहींना नाही वाटत. रक्त बरोबर असतं, तरी ते म्हणतात डोकं जड आहे, आठवत नाही, अंगात जीव नाही. का ते आम्हाला नीट माहीत नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू."

लेगिनीनं रुमालाची गाठ सोडली, परत बांधली. "अकरा वर्षं मी गोधडीत डोकं गुंडाळून चालल्यासारखी चालले. चार महिने झाले, गोधडी निघाली. तुम्ही म्हणताय परत गुंडाळ."

माझ्यानं राहवलं नाही. "म्बाक, डोकं चालून काय करायचंय, हृदयच बंद पडल्यावर?"

"आणि हृदय चालून काय करायचंय, यांती, घरं विसरल्यावर?"

डॉक्टरांनी हृदयाचा वेग कमी करायची गोळी दिली, रक्त पातळ करायची दिली, आणि तिच्यापुरता जामू बंद केला. हळद आणि आलं दोन्ही त्या गोळीशी भांडतात म्हणे. पन्नासच्या गोळीचं त्यांनी तिच्यावर सोडलं. "दोन दिवस विचार करा," म्हणाल्या. "जबरदस्ती करून तुम्ही घरी काय गिळता ते मला थोडंच दिसणार आहे." शहाणी पोरगी आहे ती.

तिला आम्ही आमच्याच घरी आणलं. तिथं गियार्तोनं आपलं ज्ञान पाजळलं. "एक्सलेटर थोडा चढा ठेवला की गाडी मस्त पळते, ताई. पण इंजिन खातं." लेगिनी म्हणाली, "बंद पडलेल्या बस चाळीस वर्षं दुरुस्त करून तुला एवढंच कळलं?" आणि जेवायला बसली, पण जेवली नाही.

मी तिला समजावायला नको ते सगळं बोलले. दूर बटाम बेटावर कारखान्यात असलेल्या तिच्या मुलीचं नाव घेतलं. मेलेल्या नवऱ्याचं घेतलं. शेवटी ओरडले. तिनं ऐकून घेतलं, जसं इथली माणसं पाऊस ऐकून घेतात.

दुसऱ्या दिवशी टोपली मी बांधली, कारण तिला उचलवेना, आणि ती बरोबर चालली. कार्योनोंच्या घरी पोचलो. पाक कार्योनो, म्हणजे कार्योनोकाका, पोस्टात होते. तीन वर्षांपूर्वी मेंदूत गुठळी जाऊन त्यांना झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू गेली, वाचा गेली. रोज लेगिनीच त्यांना चमच्यानं कचोऱ्याचा जामू पाजते. बायकोच्या हातून ते पीत नाहीत, हिच्या हातून पितात. त्या दिवशी तिनं पाजलं, ओघळ पुसला आणि नेहमीसारखी उठली नाही. त्यांच्याकडे बघत बसली. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. त्यांच्या बायकोनं ते पदरानं टिपलं आणि म्हणाली, "काही नाही हो, असंच येतं."

बाहेर पडल्यावर लेगिनी म्हणाली, "असंच येत नाही ते. त्यांना सगळं कळतं. मी आज उशिरा आले, हे कळलं. टोपली तुझ्या पाठीला आहे, हे कळलं. विचारता येत नाही." ती माझ्या पाठीवरची टोपली सरळ करायला थांबली. मग, "घरं विसरण्यापेक्षा ते वाईट का गं?"

"हो."

"तुला काय माहीत?"

मला माहीत नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले होते. पण त्या सकाळी घरी येऊन तिनं पन्नासच्या गोळ्यांची पाकिटं सुया-दोऱ्याच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. फेकली मात्र नाहीत.

दवाखान्यात तिनं एकच अट घातली. "डोकं परत मंद झालं तर?"

"तर आपण पन्नासची अर्धी परत सुरू करू शकतो," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयावर थोडी जोखीम घेऊन. ते तुम्ही ठरवायचं. पण नुसतं मंद वाटतंय म्हणून नाही, बू. भीतीनंही मंद वाटतं. बाहेरून कुणीतरी बघायला हवं. खरंच चुकताय, असं दिसलं पाहिजे. दीड महिन्यानं या."

"कोण बघणार? माझ्या गल्लीतले सगळे म्हणतील, छान चाललंय."

"घरचं कुणी?"

लेगिनीनं माझ्याकडे बोट केलं. "ही. ही सुराबायाची आहे. हिला तोंडावर बोलल्याशिवाय पाणी पचत नाही." मग मला म्हणाली, "शपथ घे. एक घर चुकलं, तरी सांगशील."

मी घेतली. तीस वर्षांत या गावात माझ्या जिभेची कुणाला पहिल्यांदाच गरज पडली होती, आणि मला, देवा, अभिमान वाटला.

तेव्हापासून मी रोज तिच्याबरोबर फिरायला लागले. सकाळी पहिला पेला आता मी प्यायची, कारण तिला चालत नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत विचारायची, "चिंच कमी आहे का?" निघण्याआधी मी तिचं मनगट धरायची. पहिल्या आठवड्यात नाडी अजून अडखळत होती. दुसऱ्यात कमी. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती सरळ चालायला लागली, एकामागून एक, एकामागून एक, शाळेतून सुटलेली शहाणी मुलं ओळीत जावीत तशी. मी मनगट सोडलंच नाही. ती म्हणाली, "झालं की, किती मोजतेस?" मी म्हटलं चुकलं, परत मोजते. चुकलं नव्हतं. मला ते बोटाखाली हवं होतं.

चार आठवडे एक चूक नाही. पाय हळू झाले, पुलापलीकडच्या गल्ल्या सुटल्या, चौथ्या आठवड्यात पेटीतून स्वेटर निघाला, पण साठच्या साठ घरं जागेवर. "बघ," ती म्हणायची, "आहेत सगळी." रोज फेरी संपली की पुलाच्या कट्ट्यावर बसून ती एकच प्रश्न विचारायची, "कुठं चुकले?" मी म्हणायची, नाही. आणि ते खरं असायचं.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी, बू कुस्तियांच्या दारात तिनं आल्याची बाटली काढली. मी बघत होते. बू कुस्तियांनी पेला हातात घेतला, वास आला असणार, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तळापर्यंत प्यायल्या. "पोटाला बरं वाटलं, बू," म्हणाल्या, आणि पेला दोन्ही हातांनी परत दिला.

मी स्वतःला सांगितलं, एक घर. कुणाचंही एक घर चुकतं. पण शपथ एकाच घराची होती, तेही मला आठवत होतं.

त्यानंतर चार घरं बरोबर. मग बू वारसी. त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले. सातव्या दिवसाच्या प्रार्थनेचा भात लेगिनीनं स्वतः तिथं बसून शिजवला होता, मी नारळ खवत होते शेजारी. लेगिनीनं हळद-चिंच ओतली, तीच हवी होती, अगदी बरोबर. पेला पुढं केला आणि मायेनं विचारलं, "मालक कसे आहेत?"

बू वारसींनी पेला दोन्ही हातांनी घेतला.

"बरे आहेत, म्बाक," त्या म्हणाल्या. "तुमची आठवण काढतात."

मी टोपलीतलं फडकं उगाच झटकलं, परत घडी घातलं. बाहेर पडताना बू वारसींनी माझा दंड हलकाच दाबला. त्या माझं सांत्वन करत होत्या, आणि नवरा त्यांचा गेला होता.

पुलापर्यंत मी चालत होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. खरं सांगितलं की आज दुपारी तो सुया-दोऱ्याचा डबा उघडणार. डॉक्टर अर्धी म्हणतील, ही अख्खी घेईल, मी हिला ओळखते. डोकं परत लख्ख होईल. बू वारसींना आपण काय विचारलं ते तिला कळेल, आणि त्या काय उत्तर देऊन बसल्या तेही कळेल. आणि मग कुठल्यातरी सकाळी मनगटातली ती ओळ मोडेल, कदाचित पुढच्या महिन्यात, कदाचित कधीच नाही. सांगितलं नाही तर ती ओळ चालत राहील, आणि एकेक घर विझत जाईल. शेवटचं घर माझं असेल. दोन्हीतलं काय बरं, ते डॉक्टरांनी ठरवलं नाही, देवानं ठरवलं नाही. ठरवायचं तिनं होतं. तेवढ्यासाठीच तिनं मला बरोबर घेतलं होतं.

कट्ट्यावर बसलो. ती दमली होती. तिनं स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या आणि माझ्याकडे वळून बसली, रोजच्यासारखी.

"कुठं चुकले?"

मी तिचा हात मांडीवर घेतला. तीन बोटं मनगटावर ठेवली. नाडी एकामागून एक चालली होती.

"कुठंच नाही, म्बाक," मी म्हटलं. "सगळं बरोबर होतं."

तिनं सुस्कारा सोडला. चेहरा इतका हलका झाला की मला तिच्याकडे बघवेना.

"तू म्हणतेस म्हणजे खरंच असणार," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता."

मग ती उठली आणि आम्ही घराकडे निघालो.